लेकीच्या स्कूटरवरचे कणीस

२०२२ सालच्या श्रावणात मी मुंबईला लेकीकडे गेलो होतो. आमचे गाव कोरेगाव तालुक्यातले. लेक मुलुंडला राहते आणि अंधेरीकडच्या एका दवाखान्यात नर्स आहे. घरून निघताना पिशवीत ज्वारीचे पीठ आणि शेंगा घेतल्या होत्या. मंडळींनी बजावले होते, "पोर महिनाभर फोनवर तुटक बोलतेय. काय झालंय ते बघून या."

काय झाले ते दुसऱ्या दिवशी सकाळी इमारतीखाली स्कूटर पाहिली तेव्हा कळले. मागचा भाग चेपला होता, लाल दिव्याची काच नवी होती. "कोणी तरी लावताना धक्का दिला, आप्पा," एवढेच ती बोलली. तिचे धादांत खोटे मला लहानपणापासून ओळखता येते; खोटे बोलताना ती पदर किंवा ओढणी सारखी करते. मी गप्प राहिलो. दुपारी शेजारच्या वहिनींनी सगळे सांगून टाकले.

जुलैत पाऊस कोसळत असताना रात्री दहाच्या सुमारास लेक पाळी संपवून घरी येत होती. दिवसपाळीला ती गाडीने घाटकोपर, तिथून मेट्रो, अशी जाते. ही घाटकोपर ते वर्सोवा मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. पण दवाखाना स्टेशनपासून लांब, आणि रात्री उशिरा दोन-दोन गाड्या बदलण्यापेक्षा स्कूटर बरी, म्हणून दुपारपाळीला ती पवई तलावाच्या कडेने जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याने कांजूरमार्गला येते आणि पूर्व द्रुतगती मार्गाने मुलुंड गाठते. त्या रस्त्यावर तेव्हा मेट्रोच्या नव्या कामाचे पत्रे ठोकलेले होते, रस्ता अरुंद झालेला. तिथेच मागून टेम्पोने धडक दिली. नशीब की वेग बेताचा होता. खरचटण्यावर आणि मनगट मुरगळण्यावर निभावले.

रात्री जेवताना मी विषय काढला. ती थोडी रागावली, मग सांगू लागली. "टेम्पोवाला चांगला होता, आप्पा. पळून गेला नाही, उचललं त्यानं मला. पण सारखं एकच म्हणत होता, ताई, तुम्ही दिसलाच नाहीत."

माझा घास हातातच राहिला. हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले होते.

१९८६ च्या जानेवारीत माझे थोरले बंधू उसाची बैलगाडी घेऊन रात्री कारखान्याकडे निघाले होते. पहाटे एका जीपने गाडीला मागून ठोकरले. डावीकडचा बैल तिथेच गेला. दादांचा पाय मोडला, आणि पुढे मरेपर्यंत ते लंगडत चालले. पोलिसांनी विचारले, कंदील होता का? होता. आखाला टांगलेला होता, पेटलेला होता, काचही आदल्या दिवशी राखेने घासलेली होती. पण साट्याबाहेर हातभर ऊस आणि त्याच्यापुढे लोंबणारे वाढे, एवढ्या पडद्याआड तो कंदील दिसणार कोणाला? जीपवाला दादांचा हात धरून रडत होता, "मालक, दिसलंच नाही हो."

दुसऱ्याच दिवशी, लेकीला सुट्टी होती, आम्ही घाटकोपरला रेडियमवाल्याकडे गेलो. असल्फ्याला राहणाऱ्या आमच्या एका पाहुण्याने तो दाखवला होता. टपरीएवढे दुकान. बाहेर मोटारसायकली उभ्या, आत रंगीत कागदांच्या गुंडाळ्या आणि कागद कापायचे एक छोटे यंत्र.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण याला सरसकट रेडियम म्हणतो, पण यात रेडियम औषधालाही नसते. रेडियम हा धातू क्युरी पतिपत्नींनी १८९८ साली शोधला. तो घातलेला रंग अंधारात आपोआप उजळे, म्हणून घड्याळांच्या तबकड्यांना लावीत. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करीत आणि त्या विषाने कित्येकजणी हाडे झिजून गेल्या. तो रंग गेला, नाव मात्र आपल्याकडे राहिले. आता गाडीला लावतात त्या कागदात काचेचे बारीक मणी असतात, नाहीतर बारीक लोलकांची नक्षी. त्यावर पडलेला उजेड जिथून आला तिकडेच माघारी जातो. गोठ्यात रात्री बॅटरी मारली की गाईचे डोळे कसे चमकतात? काम जवळजवळ तसेच. इंग्लंडात पर्सी शॉ नावाच्या माणसाने १९३४ साली रस्त्यात बसवायचे चमकते खडे काढले, त्यांना नावच मांजराचे डोळे असे दिले. म्हणजे हा कागद स्वतः उजळत नाही. मागच्या गाडीचा दिवा त्यावर पडला तरच तो दिसतो, आणि वर चिखल बसला तर तेही नाही.

मी कारागिराला म्हणालो, "बाळा, मागं सगळीकडं लावून टाक. पैशाकडं बघू नको."

तो हसला. "काका, जरा बसा." आणि त्याने लेकीला विचारले, "ताई, रात्री कुठल्या रस्त्यानं येता? मागं काय बांधता? पावसात काय घालता?"

मग त्याने तिला रोज येते तशी बसायला सांगितले. पाठीला डब्याची पिशवी, त्यावर पावसाळी खोळ, अंगात लांब रेनकोट. ती बसली आणि मी मागे जाऊन उभा राहिलो. रेनकोटचा घोळ सीटवरून खाली आला होता आणि त्याने लाल दिव्याचा वरचा अर्धा भाग झाकला होता. दिवा सुरू होता, काच नवी होती. माझ्या पोटात खड्डा पडला. आखाला टांगलेला कंदील मला दिसू लागला.

"हे तुला माहीत होतं?" मी विचारले.

"मला कसं दिसणार, आप्पा? मी पुढं बघून चालवते."

कारागिराने नमुन्यांची वही पुढे केली. गरुड, ज्वाळा, वाघाचे तोंड, देवांची नावे, मुलांची नावे. आमच्याकडच्या ट्रॅक्टरांवर असते ते सगळे त्यात होते. मी म्हणालो, तुझे नाव टाकू, चांगल्या वळणदार अक्षरात. लेकीने मान हलवली. "रात्री सिग्नलला उभी असते मी. कोणीही मागून नावानं हाक मारावी असं मला नको." हे माझ्या डोक्यातही आले नसते. दवाखान्याचे चिन्हही तिला नको होते. मला वाघ आवडला होता, पण तिच्या तोंडाकडे पाहून तो मी सोडून दिला.

"मग काय काढायचं?" कारागीर म्हणाला. "सपाट जागा थोडी आहे. वळणावर मोठा तुकडा बसत नाही, कडा उचलतात. बारीक बारीक तुकड्यांचं काही सांगा."

लेक म्हणाली, "कणीस चालेल? ज्वारीचं?"

आता तो पोरगा मुंबईत वाढलेला. त्याने कागदावर काढले ते कणीस नव्हते, मक्याचे बुट्टे होते. मी पेन्सिल घेतली. चाळीस वर्षे ज्वारी काढलेला माणूस मी, पण कणीस कागदावर उतरवायला मला तीन पाने लागली. पहिले अननसासारखे झाले. शेवटी दाणे थेंबासारखे सुटे सुटे काढले आणि खाली दोन लांब पाने वाकवली. दाणे सुटे असल्यामुळे ते मागच्या गोलाईवर नीट बसणार होते. लेकीने त्यात आणखी एक सुधारणा सांगितली. लांबून दाणे काही वेगळे दिसणार नाहीत, म्हणून पाने चांगली रुंद करा, नजरेला तीच आधी पडतील. आणि डाव्या-उजव्या टोकाला एकएक ठिपका नको, लांबून मोटारीचे दोन दिवे वाटतात आणि मागचा माणूस अंतराचा भलताच अंदाज करतो. खूण मधोमध आणि उभी हवी.

रंगाचा नियम कारागिराला पाठ होता. मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. पुढे लाल कधीच नाही, कारण समोरच्याला गाडी पाठमोरी वाटते. मला पाने हिरवी हवी होती. कणसाची पाने लाल कोणी पाहिलीत? पण तिथे माझे चालले नाही. नंबरपाटीला तर त्याने हात लावायलाच नकार दिला. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना कंपनीकडूनच सरकारी नमुन्याची पाटी येते, तिच्यावर काही चिकटवायचे नाही. दिव्यांवरही नाही.

त्याने आधी वर्तमानपत्राचे तुकडे कापून टिकल्यांसारखे स्कूटरवर लावून पाहिले. लेक बसली, उतरली, रेनकोट घातला, काढला. दर वेळी एखादा तुकडा झाकला जाई आणि तो खाली सरके. शेवटी कणीस दिवा आणि नंबरपाटी यांच्या बाजूच्या गोलाईवर, घोळाच्या खाली आले. दोन जागा तिने स्वतः सुचवल्या. एक रेनकोटच्या घोळावरच शिवायची कापडी चमकपट्टी, आणि दुसरी हेल्मेटच्या पाठीमागे छोटा तुकडा, कारण सगळ्यांत उंच जागा ती, तिथे काही आड येत नाही. बाजूला पिवळी पट्टी मी पाय ठेवायच्या फळीखाली म्हणत होतो. ती म्हणाली, तिथे पहिल्या डबक्यातच चिखल बसेल. मग ती थोडी वर घेतली.

चिकटवण्याचे काम पाहण्यासारखे होते. लेकीने पर्समधून स्पिरिटचे बोळे काढून पत्रा स्वतः पुसला. जखम पुसावी तसा, आतून बाहेर. दाणे यंत्राने कापलेल्या पातळ कागदाचे. पाने मात्र जाड कागदाची, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी नक्षी असते, ती हाताने कापावी लागतात आणि सपाटीवरच बसतात. प्रत्येक कोपरा त्याने गोल केला. टोकदार कोपरा आधी सुटतो म्हणे. एका कडेने सुरुवात करून, फडक्यात गुंडाळलेल्या जुन्या कार्डाने दाबत दाबत, आत हवा न ठेवता. एक दिवस धुवायचे नाही असे बजावले. सगळे मिळून पाचशेच्या आत झाले.

रात्री आम्ही इमारतीमागच्या गल्लीत पारख केली. लेक रेनकोट घालून स्कूटरवर बसली आणि मी शंभर पावले मोजून बॅटरी घेऊन उभा राहिलो. बॅटरी मारली तर काही खास दिसेना. मी ओरडलो, "फसवलं गं त्यानं!" लेक म्हणाली, "आप्पा, बॅटरी कमरेजवळ धरलीत तुम्ही. डोळ्याजवळ धरा." उजेड जिथून येतो तिथेच परत जातो हे मला दुपारीच सांगितलेले, पण कमरेला काय दिसणार! कानाजवळ धरली मात्र, आणि अंधारात लाल कणीस उभे राहिले. त्याच्या वर घोळाची पट्टी आणि सगळ्यांत वर हेल्मेटचा तुकडा. तीन खुणा एकाखाली एक. माणूस बसलाय हे शंभर पावलांवरून कळत होते. मी तीनदा जाऊन आलो, मग ती कंटाळली.

येताना कारागिराकडून जाड लाल कागदाचा एक तुकडा विकत घेतला होता. ऑक्टोबरात हंगाम लागला आणि आमच्या फडात बीडकडचे तोडकरी आले. टायरगाड्यांना मागे रिफ्लेक्टर होते; काही कारखाने हंगामाच्या सुरुवातीला ते लावून देतात. मी कागद कापून साट्याच्या मागच्या फळीवर लावायला निघालो, तेवढ्यात घाटकोपरची आठवण झाली. गाडीवाल्याच्या बायकोला विचारले, "बाई, गाडी भरल्यावर मागं काय काय झाकतं?"

तिने माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहिले. मग म्हणाली, "समदंच झाकतंय की, दादा. वाढं लोंबत्यात ना." थोडा विचार करून तिनेच तोड सांगितली. गाडी भरून शेवटचा नाडा आवळला की त्या नाड्यालाच काही तरी टांगा, म्हणजे ते उसाच्या बाहेर राहील. मग मी खोक्याची एक हातभर फळी घेतली, तिच्यावर लाल पट्टी आडवी लावली, वर भोक पाडून सुतळीचा फास केला. बाजूला छोटे कणीस काढू का, असेही विचारले. ती हसत सुटली. "कणीस नगं. मागच्या गाडीचे बैल खातील."

त्या रात्री पुतण्याने बांधावरून मोटारसायकलचा दिवा गाडीवर धरला. हा पुतण्या म्हणजे दादांचा मुलगा. फळी हेलकावे खात होती, त्यामुळे आणखीच नजरेत भरत होती. वळणावरच्या चिंचेपर्यंत ती आम्हाला दिसली.

सकाळी ती बाई फडात आली ती आणखी दोन फळ्या मागायला. कागद संपला होता. मी मुलुंडला लेकीला फोन केला.