रेसची मूठ

आमच्या मामांनी १९८४ साली एक विमान बांधलं. ते उडालं नाही, उडणारच नव्हतं. गणपतीच्या मांडवात दहा दिवस ते एका जागी उभं राहिलं आणि अंबाजोगाईतली निम्मी पोरं रांग लावून त्यात बसून गेली. तरीही घरात त्याला 'देखावा' म्हटलेलं मामांना चालायचं नाही. "इमान म्हना," एवढंच ते बोलायचे आणि पुन्हा पान्ह्याकडे वळायचे.

त्या वर्षी एप्रिलमध्ये राकेश शर्मा अवकाशात जाऊन आले होते. साहजिकच भाद्रपदात जिकडे तिकडे पुठ्ठ्याची यानं उभी राहिली. शेजारच्या गल्लीने चांदीच्या कागदात गुंडाळलेलं यान जाहीर केलं, तशी आमच्या मंडळाची पोरं मामांच्या दुकानी येऊन बसली. मामांचं दुकान मंडीबाजाराच्या अलीकडे. सायकल, लूना, राजदूत, कधीमधी डिझेल इंजिन, जे येईल ते दुरुस्त. मामा म्हणाले, "यानात मानूस नुसता बसतो. इमान मानूस चालवतो. आपुन इमान करू."

बांधलं ते फक्त नाकापासून सीटपर्यंत. मागचं सगळं मांडवाच्या पडद्याआड 'आहे असं समजा'. सांगाडा लोखंडी अँगलचा, अंगावर तेलाच्या डब्यांचा सरळ केलेला पत्रा, सीट एका भंगारातल्या राजदूतची. समोर बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, स्पीडोमीटर आणि ट्रान्झिस्टरची काच. दोन्ही बाजूंना हात-हातभर पंख. पंखांच्या मागच्या कडेला दाराच्या बिजागऱ्यांवर लावलेली पत्र्याची पानं. आणि मधोमध, दोन गुडघ्यांच्या मध्ये, दांडा.

सगळा जीव त्या दांड्यात होता. एक इंची पाइप, तळाशी एकमेकांना आडवे दोन बोल्ट, म्हणजे दांडा चारी दिशांना झुकेल. तिथून क्लचच्या वायरी पंखांच्या पानांपर्यंत नेलेल्या. पहिल्या दिवशी मी दांडा डावीकडे झुकवला आणि उजवीकडचं पान वर गेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गल्लीतले हवाई दलातून निवृत्त झालेले एक काका मात्र वाजवेनात. ते म्हणाले, "मूठ धर, अंगठा वर ठेव. आता दांडा झुकव. अंगठा ज्या पंखाकडे कलेल, त्याच पंखाचं पान वर आलं पाहिजे. तुझं विमान उलटं वळायलंय." मामांनी निमूट वायरींची अदलाबदल केली. वायरी उलट्या जोडल्या गेल्याने खरोखरीची विमानंही पडलेली आहेत आणि उड्डाणाआधी दांडा चारी बाजूंना फिरवून पानं बघायची रीत त्यासाठीच आहे, हे मला फार पुढे वाचायला मिळालं.

मग प्रश्न आला मुठीचा. नुसता पाइप हातात धरायला मामा तयार नव्हते. "हात लागतो तितं लोखंड ठिवू नये," हा त्यांचा कायदा. सायकलची मूठ घालून बघितली. ती बावीस मिलिमीटरच्या हँडलची, एक इंचावर जाईना. कापडाची पट्टी गुंडाळून वर काळी टेप चढवली. दहा पोरं बसून गेली आणि टेप घामाने सुटून लोळायला लागली. राजदूतची डावी मूठ घेतली, तीही तोंडाशीच अडली. मामा क्षणभर त्या मुठीकडे बघत राहिले आणि एकदम हसले. "येडाच हाय मी. रेसची मूठ दे."

मोटरसायकलच्या दोन मुठी दिसायला जुळ्या बहिणी. पण उजवी, रेसची मूठ, हँडलवर थेट बसत नाही. ती बसते हँडलवर फिरणाऱ्या नळीवर. म्हणून तिचं पोट आतून मोठं असतं, साधारण एक इंच. परदेशात घरीच विमान बांधणाऱ्यांसाठी ज्या तयार मुठी विकायला असतात त्याही बहुधा पाऊण इंचाहून जरा जाड नाहीतर एक इंची पाइपाला बसणाऱ्या, हे कळलं तेव्हा मला मामांचा त्या वेळचा चेहरा आठवला.

मूठ चढवायची त्यांची पद्धत मी अजून विसरलेलो नाही. आधी पाइपाचं तोंड कानशीने मारून घ्यायचं, बोट फिरवल्यावर कुठे टोचलं नाही पाहिजे. मग पाइप रॉकेलने नाही, कोरड्या फडक्याने पुसायचा. मुठीत चमचाभर पेट्रोल ओतायचं, तळव्याने तोंड झाकून हलवायचं, उरलेलं ओतून टाकायचं आणि एका दमात मूठ खाली दाबायची. मध्ये थांबलात की संपलं. पेट्रोल उडून जातं आणि रबर जिथल्या तिथे चिकटतं. "तेल कामून नाही लावायचं?" मी विचारलं. "तेल लावलं की घालायला सोपी अन् निघायलाबी सोपी. पेट्रोल उडून जातं लेकरा, मागं काय ठिवत न्हाई." रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी मामांनी दोन्ही हातांनी मूठ पिळून बघितली. हलली नाही.

वरच्या टोकाला त्यांनी घरच्या घंटीचं बटण बसवलं. दाबलं की समोर लाल दिवा लागे. खऱ्या विमानात त्याच जागी रेडिओवर बोलायचं बटण असतं. वायरी पाइपाच्या पोटातून खाली नेल्या. तिसऱ्या दिवशी दिवा लागेना. दांडा झुकवताना वायर ताणली जाऊन खालच्या धारेवर कापली गेली होती. मामांनी त्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला आणि वायरीला तळाशी एक सैल वळसा ठेवला. त्याच दिवशी एका दांडग्या पोराच्या मांडीला दांडा अडला, तेव्हा तो खालून दोन बोटं कापलाही. "आधी बसून बघायचं, कापायचं शेवटाला," असं स्वतःलाच बजावत.

गणपती उठले, की आमच्याकडे दुकानाची हवा बदलायची. दसरा जवळ आला की ऊसतोडीला निघायची तयारी. कोयत्याच्या दांड्यावर ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळून न्यायला माणसं यायची. बालाघाटाच्या डोंगरातल्या गावांतून पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, चार-सहा महिन्यांसाठी. आमच्या बीड जिल्ह्यात 'कोयता' म्हणजे नुसतं हत्यार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या वहीत माणसं लिहीत नाहीत, कोयते लिहितात. एकटा असेल तर अर्धा. तेव्हा ऐकताना काही वाटायचं नाही. आता वाटतं, ज्या मुलखात हत्याराच्या नावाने माणूस मोजतात, तिथल्या मिस्त्रीला हात लागतो ती जागा सगळ्यात महत्त्वाची वाटणारच. पट्टी गुंडाळताना मामा समोरच्याचा पंजा उघडून बघायचे, फोड कुठे येतात ते, आणि तिथे एक वेढा जास्त द्यायचे.

त्याच सुमारास शेतात ज्वारीची पेरणी असायची. तिफणीच्या चाड्यावर मूठ आजीची. बैल पुढे, तिफण मागे, आणि चालता चालता तिच्या बोटांतून दाणा चाड्यात पडत जायचा. मी एकदा हट्ट करून मूठ धरली आणि दोन तासांचा दाणा एका तासात रिकामा केला. आजी म्हणाली, "आवळू नकु रे. दाना मुठीतून सुटला पायजे, सांडला न्हाई पायजे."

पुढे पुण्यात नोकरीला लागल्यावर एका रविवारी हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर गेलो. विंचच्या तारेने ग्लायडर ओढून वर फेकतात, वर गेल्यावर तार सुटते आणि एकदम शांत होतं. नुसती वाऱ्याची सूं सूं. मागे बसलेले वैमानिक म्हणाले, "धरा स्टिक." मी ती अशी धरली की जणू लोकलमधला खांब. ग्लायडर डुलायला लागलं. मागून आवाज आला, "आवळू नका. अंगठा आणि दोन बोटं, बस्स. तिला बोलू द्या." मी हात सैल केला आणि ग्लायडर आपोआप सरळ झालं. लांबवर दिवे घाट दिसत होता, आणि मला दिसत होतं ते आजीचं चाडं.

राइट बंधू १९०३ मध्ये इंजिनाच्या विमानातून पहिल्यांदा उडाले तेव्हा त्यात दोन गुडघ्यांमधला दांडा नव्हताच. वैमानिक पालथा पडलेला, डाव्या हाताशी वर-खाली करायची एक दांडी, आणि वळायला कंबर सरकवायची. कंबरेखालच्या पाळण्याच्या तारांनी पंख पिळले जायचे. काही वर्षांतच हे सगळं एका हातात आलं. एका मुठीत.

२०१६ च्या फेब्रुवारीत कामानिमित्त मुंबईत होतो, तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादव यांचं विमान बघितलं. मूळ साताऱ्याकडचं कुटुंब. कांदिवलीला चारकोपमध्ये राहत्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं सहा आसनी विमान. आधीचे दोन प्रयत्न फसल्यावरचं हे तिसरं. गच्चीवरून ते क्रेनने उतरवावं लागलं. पुढची कथा पेपरांत वाचत राहिलो: २०१७ च्या नोव्हेंबरात नोंदणी, २०१९ मध्ये उडण्याचा परवाना, २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचणी. विमान बांधायला जितकी वर्षं, जवळजवळ तितकीच कागदाला. त्या दिवशी मात्र गर्दीत टाचा उंचावून मी आत डोकावायचा प्रयत्न करत होतो. पंखा बघायला नाही, इंजिन बघायलाही नाही. मला बघायचं होतं, हात लागतो तिथे त्यांनी काय बसवलंय. रांगेतल्या माणसांनी मला पुढे ढकललं आणि ते राहूनच गेलं.

आमच्या विमानाचा पत्रा अनंत चतुर्दशीनंतर कुणाच्या तरी गोठ्याला गेला. सीट परत भंगारात. रेसची मूठ दुकानातल्या विक्रीच्या मालातली, ती काढून ठेवायची होती. पण पेट्रोलने बसवलेली मूठ, निघेना. ब्लेडने उभी चिरावी लागली असती. मामांनी ब्लेड हातात घेतलं, जरा वेळ थांबले, आणि तिचे पैसे गल्ल्यात आपल्या खिशातून टाकले. दांडा पुढे दुकानात टायर उचकटायला, कुत्री हाकलायला, शटर ओढायला कामाला येत राहिला.

परवा दिवाळीच्या आवराआवरीत तो माळ्यावर सापडला. रबर कडक झालंय, खाचा झिजल्यात, अंगठ्याच्या जागी खड्डा पडलाय. खाली ट्यूबच्या तुकड्याची भुकटी. मामा आता पंच्याऐंशीच्या घरात. हात थरथरतात, चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरतात. मी दांडा त्यांच्यापुढे ठेवला आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्यांना ग्लायडरची सगळी हकीकत सांगितली. विंच, तार, ती शांतता, दोन बोटांत आलेलं विमान. ते डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, झोप लागली.

मग हात पुढे करून त्यांनी ती मूठ धरली, जराशी पिळून बघितली आणि डोळे न उघडताच विचारलं,

"तितली मूठ फिरत नव्हती ना रे?"