माळावरचा फाल्गुन

फाल्गुन लागला. बार्शीकडे बालाघाटाच्या उतारावर आमची तीन एकर माळजमीन आहे. वीतभर मुरमाड माती, खाली खडक. खालच्या काळ्या रानात मालदांडीची काढणी उरकली, कडब्याची बुचाडं उभी राहिली. लिंबाला तांबूस पालवी आहे. सकाळी अजून गारवा, अकरालाच डोक्यावर टॉवेल घ्यावा लागतो.

आज पाण्याची नळी धरून उताराला आडव्या समपातळीच्या रेघा काढल्या, त्यावर फक्की टाकली. उद्यापासून चर. मातीचा भराव उताराच्या बाजूला टाकायचा, म्हणजे वाहतं पाणी चरात थांबून मुरतं. सीताफळाचे खड्डेही आत्ताच घ्यायचे. चैत्र-वैशाखाच्या उन्हानं ते चांगले तापले की मातीतली कीड मरते. मग शेणखत घालून मिरगाची वाट बघायची. वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायचे. पहार दगडावर आपटली की मला तेच आठवतात.

वरचा एक एकर मात्र मी नांगरणार नाही. तिथलं कुसळी गवत तसंच राहील. माळ म्हणजे पडीक जमीन, हे मला कधीच पटलं नाही. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ साली झालं ते अशाच गवतासाठी आणि त्यात जगणाऱ्या पाखरासाठी. आता माळढोक जवळपास दिसेनासाच झाला, याचं फार वाईट वाटतं. टिटवी, चंडोल अजून इथं जमिनीवरच अंडी घालतात.

वणवा आत येऊ नये म्हणून भोवतीनं दहा फुटांचा पट्टा खुरपून घेतला. शेजाऱ्यांनो, यंदा तरी बांध पेटवू नका.