अर्धवट गेम, पूर्ण पैसे

माझा मावसभाऊ परभणीत बारावीला आहे. 'जीटीए ६'बद्दल त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते आणि त्यातली निम्मी कुठून तरी फुटलेली असते. "दादा, बातमी खरी आहे ना? मग छापणाऱ्याचं काय चुकलं?" असं त्याने विचारलं, तेव्हा मला पटकन उत्तर सुचलं नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये रॉकस्टारच्या सिस्टिममध्ये घुसून कुणीतरी या गेमच्या सुमारे ९० क्लिप्स नेटवर टाकल्या. स्क्रीनभर डीबगचे आकडे, सगळं अर्धवट. लोक ग्राफिक्सवर हसले. तेव्हा इतर डेव्हलपर्सनी 'कंट्रोल'सारख्या गाजलेल्या गेम्सचे सुरुवातीचे ओबडधोबड व्हिडिओ स्वतःहून टाकले. काम चालू असताना सगळं असंच दिसतं. मी बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो; माझा अर्धवट कोड कुणी जगाला दाखवला तर तोही असाच दिसेल. चोरी झाली, ही बातमी होती. क्लिप्स पुन्हा पुन्हा फिरवणं ही नुसती हौस. पुण्यात बनलेला 'राजी' २०२० मध्ये आला. त्याच्या छोट्या टीमचं काम असं फुटलं असतं, तर सावरायला त्यांच्याकडे रॉकस्टारइतकं बळ कुठलं?

मग कंपनी सांगेल तेवढंच छापायचं? 'कोटाकू'ने डिसेंबर २०१३ मध्ये 'फॉलआउट ४'ची माहिती फोडली. बातमी खरी होती, तरी बेथेस्डाने त्यांच्याशी बोलणंच बंद केलं.

आणि डिसेंबर २०२० चा 'सायबरपंक २०७७' आठवा. समीक्षकांना आधी फक्त पीसीची प्रत मिळाली, स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ दाखवायलाही मनाई. ८० लाख प्री-ऑर्डर झाल्या होत्या. जुन्या प्लेस्टेशनवर गेम धड चालेना. आठवड्याभराने सोनीने तो आपल्या स्टोअरवरून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो जुन्या प्लेस्टेशनवर कसा चालतो, हे आधीच कुणी फोडलं असतं तर मी त्याला चोर म्हटलं नसतं.

आमच्याकडे पाते लागलेल्या कापसाला कुणी नावं ठेवत नाही. पण गाडी मानवतच्या बाजारात उभी राहिली की व्यापारी आत हात घालून ओल बघतोच. प्री-ऑर्डर म्हणजे पाते लागल्यावरच पूर्ण भाव मागणं. ज्या दिवशी कंपनी आपले चार-पाच हजार मागते, त्या दिवसापासून आत हात घालणं हे पत्रकाराचं कामच आहे. त्याआधी शेतकऱ्याला शेतात निवांत राबू द्यावं.