थांबणें आणि अडविणें

नवी विद्या मोठ्या ग्रंथावरून शिकावी, कीं लहान उदाहरणें स्वतः करून पाहून, हा प्रश्न गेल्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं उभा राहिला. आमची पुतणी येथें नागपुरांतच अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास आहे. एका प्रोग्रॅमनें जाळ्यावरील अनेकांशीं एकदम संभाषण कसें राखावें, हें प्रकरण तिला कांहीं केल्या उमजेना. व्याख्या तोंडपाठ होत्या, तयार प्रोग्रॅम उतरवून चालविलाहि होता. परंतु "काका, हें माझ्या डोक्याचें काम नव्हे, मी शाखाच बदलतें," असें ती म्हणूं लागली. वडीलधाऱ्यांसहि तें हळूहळू पटूं लागलें होतें. आमचा व्यवसाय याच विद्येचा. म्हणून मे महिन्याच्या दुपारीं कूलरसमोर आम्ही तिच्यासह बसूं लागलों. ग्रंथ मिटला आणि वीस-वीस ओळींचे प्रोग्रॅम तेवढे घेतले.

पहिला अगदीं साधा होता. जो कोणी जोडला जाईल त्याचे शब्द ऐकावे आणि तेच परत पाठवावे. तिनें एका खिडकींतून जोडणी केली व मुद्दाम कांहींच लिहिलें नाहीं. दुसऱ्या खिडकींतून "नमस्कार" पाठविला, उत्तर येईना. पहिला पाहुणा मुका बसला होता, म्हणून दुसरा दारांत ताटकळत होता. पुढच्या प्रोग्रॅमांत प्रत्येक पाहुण्यास स्वतंत्र थ्रेड, म्हणजे कामाचा निराळा धागा, दिला. अडचण मिटली, पण पाहुणे दहा हजार आले तर इतके यजमान आणावे कोठून? एका सर्व्हरनें दहा हजार गिऱ्हाइकें कशीं सांभाळावीं, हाच प्रश्न डॅन केगेल यांनीं १९९९ सालीं मांडला होता.

तिसऱ्यांत 'सिलेक्ट' आलें. बर्कले येथील युनिक्समध्यें १९८३ सालीं आलेल्या या सोयीनें एकच यजमान ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, "यांपैकीं कोणाचा निरोप आला आहे?" आणि तेवढ्यांचेंच काम करतो. चौथ्यांत पायथॉनचें असिंकआयओ घेतलें. तें २०१४ सालीं आलें, आणि 'असिंक' व 'अवेट' हे शब्द २०१५ सालीं त्या भाषेंत आले. 'अवेट' म्हणजे, "माझ्या कामास वेळ आहे, तोंवर इतरांचें उरकून घ्या."

खरी समज आली ती पांचव्या उदाहरणानें. तीन कामें, प्रत्येकास तीन सेकंद थांबावयाचें. असिंकआयओची 'स्लीप' वापरली तेव्हां सर्व मिळून तीन सेकंद लागले. मग त्याच जागीं आम्हीं साधी 'स्लीप' घातली आणि किती वेळ लागेल तें तिला आधीं सांगावयास लावलें. ती म्हणाली, "तीनच." घड्याळानें नऊ दाखविले. क्षणभर ती पडद्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "काका, ही तर डायमंड क्रॉसिंगवर उभी राहिलेली गाडी!"

ही उपमा नागपूरकरासच सुचावी. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे लोहमार्ग आमच्या शहरीं एकमेकांस छेदतात. गाडी फलाटावर तासभर थांबली तरी इतरांचा मार्ग मोकळा राहूं शकतो. तीच छेदावर थांबली तर चारी दिशा खोळंबतात. थांबणें निराळें, अडविणें निराळें. या पद्धतींत सर्व कामें एकाच मार्गावरून जातात. ज्यानें त्यानें आपण होऊन वाट सोडावी, यावरच सारा व्यवहार चालतो. आज सांगितलेला प्रोग्रॅम यंत्रहि लिहून देतें. परंतु तो कोठें अडतो, हें तीनाचे नऊ झालेले ज्यानें पाहिले त्यास लवकर दिसतें.

पुतणीनें शाखा बदलली नाहीं. तिचें डोकें पूर्वीं होतें तेंच आहे. उदाहरणें मात्र लहान झालीं. घरांतील एखाद्या मुलास "हें तुला जमणार नाहीं" असें सांगण्यापूर्वीं धडा पुरेसा लहान करून पाहिला काय, एवढें वडीलमंडळींनीं स्वतःस अवश्य विचारावें.