मागचे आसन

एका आसनाच्या लढाऊ विमानाचे दोन आसनांचे विमान करावयाचे, तर काय जोडावे याआधी काय काढावे याचा विचार करावा लागतो. ही गोष्ट कारखान्यातल्या खऱ्या विमानाला लागू आहे, तशी टेबलावरच्या वीतभर प्रतिकृतीलाही. मिग-२१ची निमुळती, नळकांड्यासारखी काया ज्यांनी छायाचित्रात पाहिली असेल, त्यांना हे चटकन पटेल. तिच्या पोटात रिकामी अशी जागाच नाही. नाकाच्या शंकूत रडार, त्यामागे वैमानिक, वैमानिकाच्या पाठीशी इंधन आणि तेथून शेपटीपर्यंत इंजिन. या दाटीत दुसरा माणूस बसवायचा, तर आधी कोणाला तरी उठवावे लागते. म्हणून मिग-२१च्या द्विआसनी आवृत्तीत शोधक रडार नाही, अंगभूत तोफ नाही आणि इंधनही कमी. जे विमान युद्धासाठी घडले, त्याने आपले डोळे, शस्त्र आणि पल्ला यांतले थोडेथोडे देऊन शिक्षकापुरती जागा केली.

आपल्या देशात घडलेल्या एचएफ-२४ मरुत या विमानाची कथाही अशीच आहे. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला तयार झालेले हे विमान १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. त्याची द्विआसनी आवृत्ती १९७० साली आकाशात गेली, तेव्हा पोटातला अग्निबाणांचा संच काढून त्या जागी दुसरे आसन बसविले होते. हंटर विमानात निराळा मार्ग काढला गेला. तेथे पुढचा भाग रुंद करून शिक्षक आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसविले. शेजारी बसलेल्या शिक्षकाला विद्यार्थ्याचा हात दिसतो, चेहरा दिसतो. मिगच्या शिक्षकाला मात्र विद्यार्थ्याचे शिरस्त्राण तेवढे दिसते. मी स्वतः अनेक वर्षे शाळेत कार्यानुभव हा विषय शिकविला. मुलांच्या पाठीशी उभे राहून शिकविणे आणि शेजारी बसून शिकविणे यांतला फरक मला ठाऊक आहे, म्हणून हंटरची रचना मला अधिक माणुसकीची वाटते. हवेला तिची रुंदी आवडत नाही, हा भाग वेगळा.

हे सारे माझ्या टेबलावर आले ते माझ्या थोरल्या बंधूंमुळे. आम्ही त्यांना नाना म्हणतो. १९७० साली धरणगाव सोडून ते नाशिकजवळ ओझरला गेले आणि तेथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात फिटर म्हणून लागले. मिग-२१ची बांधणी भारतात तेथेच होत असे. त्या एका कारखान्यातून या जातीची सहाशेंहून अधिक विमाने बाहेर पडली. निवृत्त होऊन नाना गावी परतले, तेव्हा त्यांच्यापाशी सांगण्यासारखे पुष्कळ होते. परंतु ते फार बोलत नसत. कापसाच्या गाड्या, जिनिंगचे भोंगे आणि सुरत-भुसावळ मार्गावरची रेल्वे यांच्या गावात विमानाचे ऐकणारेही कमीच होते.

मिग-२१ हे विमान १९६३ साली चंदीगडला हवाई दलात दाखल झाले आणि त्याच चंदीगडला २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला निरोप देण्यात आला. तो समारंभ नानांनी दूरदर्शन संचासमोर बसून जवळजवळ ऐकलाच. त्यांना काचबिंदू आहे. कडेचे दिसणे गेले आहे, मधले तेवढे नळीतून पाहिल्यासारखे शिल्लक आहे आणि तेही हळूहळू आक्रसते आहे. पुतण्याने पुण्याहून त्यांच्यासाठी मिग-२१ एफएल या एकआसनी विमानाचा १/७२ प्रमाणातला संच आणला होता. नानांनी खोक्यातले भाग एकेक करून बोटांनी चाचपले आणि खोके माझ्याकडे सरकविले. म्हणाले, “बापू, एका माणसाची विमानं मी आयुष्यभर बांधली. मला दोघांचं करून दे. माझे डोळे आहेत तोवर.”

त्यांना दोघांचे विमान का हवे होते, हे त्यांनी पुढे कामाच्या ओघात सांगितले, तेही तुटक तुटक. ही द्विआसनी विमाने जॉर्जियातील तिबिलिसीच्या कारखान्यात घडत. नानांनी ती ओझरच्या धावपट्टीवर उतरताना पाहिली होती, त्यांना हात लावण्याचा प्रसंग मात्र आला नव्हता. एखाद्या मिगच्या अपघाताची बातमी वर्तमानपत्रात आली, की त्या दिवशी त्यांच्या खोलीवर कोणी मोठ्याने बोलत नसे. गेलेला वैमानिक बहुधा विशी-पंचविशीतला असे. किरणसारख्या संथ विमानावर शिकलेला मुलगा थेट ध्वनीच्या दुप्पट वेगाच्या यंत्रावर जाई, कारण मधली पायरीच नव्हती. मधल्या पायरीसाठी प्रगत प्रशिक्षण विमान घ्यावे, अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली होती. ६६ हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये आणि ती बिदरच्या तळावर दाखल झाली २००८ मध्ये. सव्वीस वर्षे. या काळातच, २००१ च्या सप्टेंबरात, राजस्थानातील सुरतगड येथे फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ मिग-२१च्या अपघातात गेले आणि त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी वैमानिकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न देशापुढे मांडला. नानांनी त्या माउलीची मुलाखत वाचली होती. त्यावर ते एवढेच म्हणाले, “मागं बसणारा माणूस स्वस्त नसतो रे.”

काम पौषात सुरू झाले. १/७२ प्रमाणात मिगच्या पंखांचा विस्तार जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो आणि उभा माणूस अडीच सेंटिमीटरही होत नाही. प्लास्टिक हा आमच्या जिल्ह्याला परका पदार्थ नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतून निघणाऱ्या चटया आणि शेतातल्या नळ्या घरोघरी आहेत. प्रतिकृतीचे प्लास्टिक मात्र निराळे, थर्माकोलच्या कुळातले. त्याला योग्य द्रावण लावले, की दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळतात आणि एकमेकांत मिसळून घट्ट होतात. ते चिकटविणे कमी आणि सांधणे अधिक. पाठीचा कणा कापण्यासाठी गावातल्या एका सोनाराकडून केसासारख्या पात्याची करवत आणली. वैमानिकाच्या आसनामागचा भाग तिने अलगद काढला आणि आत आइस्क्रीमच्या पेल्याच्या पातळ पत्र्यातून दुसरी खोली बांधली: तळ, दोन भिंती, मधला पडदा आणि मागच्या माणसासाठी स्वतंत्र उपकरणफलक.

नाकाने अधिक छळले. रडारवाल्या मिगचे हवा घेणारे तोंड मोठे असते, तर द्विआसनी आवृत्तीत रडार नसल्याने जुने, लहान तोंडच कायम राहिले. प्रतिकृतीत हा फरक दोन-अडीच मिलिमीटरांचा. तेवढ्यासाठी नाकाचा सारा उतार आतून भरून बाहेरून घासावा लागला. येथे नानांचा खरा उपयोग झाला. मी पाण्यात बुडविलेल्या पॉलिश कागदाने घासून, चष्मा पुसून, उजेडात धरून भाग त्यांच्या हाती देत असे. ते डोळे मिटून करंगळीशेजारचे बोट सांध्यावरून फिरवीत आणि म्हणत, “पायरी आहे.” मला दिसत नसे. पुन्हा घासून द्यावे, तर पुन्हा, “अजून आहे. डावीकडं.” पाव मिलिमीटरची पायरी खऱ्या विमानावर अठरा मिलिमीटरची होते, हा हिशेब त्यांनी मला तोंडी करून दाखविला. पत्र्याच्या सांध्यावर सारे आयुष्य गेलेल्या बोटाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. माझे डोळे शाबूत असूनही त्या आठवड्यात मी त्यांच्या बोटांनी काम केले.

कॅनॉपीच्या काचा संचात मिळणे शक्यच नव्हते. सागाच्या तुकड्यातून दोन लहान घुमट कोरले. लाकडाचे रेषे काचेत उमटतात म्हणून त्यांच्यावर लाखेचे चार हात देऊन ते आरशासारखे गुळगुळीत केले. मग पाण्याच्या रिकाम्या बाटलीत घुमट घालून बाहेरून गरम हवेचा झोत दिला. बाटलीचे प्लास्टिक आक्रसत घुमटाला बिलगते, आणि कापून काढले की स्वच्छ काच हाती येते. ती बसवायला साधा पांढरा फेविकॉल बरा. झटपट चिकटणाऱ्या द्रवाच्या वाफेने काच धुरकट होते. या विमानाच्या दोन्ही काचा उजवीकडे उघडतात, हे नानांनी दोनदा बजावले.

मधल्या पडद्याची जागा पक्की करताना त्यांनी अचानक घरच्या अहिराणीत विचारले, “मांगे बठेल मानूसले काय दिसस रे?” मी टेबलाच्या पातळीवर डोळा नेऊन पाहिले. मागच्या खुर्चीतून दिसतो तो पडदा, पुढच्या आसनाची पाठ आणि दोन्ही कडांना आकाशाच्या दोन फटी. धावपट्टी तर नाहीच. म्हणूनच नंतरच्या द्विआसनी मिगवर मागच्या काचेच्या माथ्यावर एक पेरिस्कोप बसविला गेला. उडताना आणि उतरताना तो वर येतो व शिक्षकाला आरशातून पुढची वाट दाखवितो. हाती सारी नियंत्रणे आहेत, उत्तरदायित्वही आहे, आणि दृष्टी मात्र तळहाताएवढ्या आरशापुरती. ज्याला कमी दिसते तो शिक्षक, हे ऐकायला विचित्र वाटते. पण दिसण्याची भरपाई तो कशाने करीत असेल? पुढच्याचा हात दांड्यावर कसा आहे हे त्याच्या स्वतःच्या दांड्यातून त्याला कळते. इंजिनाचा आवाज, आसनाची थरथर, पोटात जाणवणारा भार, हे सारे तो वाचत असणार. मी हे बोलून दाखविले. नाना काही बोलले नाहीत. बोटाने नाकाचा सांधा तपासत राहिले.

पेरिस्कोप तांब्याच्या तारेचा केला, त्याचा आरसा गोळीच्या वेष्टनातल्या चांदीचा. नाकावरची वायुवेग मोजणारी नळी इंजेक्शनच्या सुईची झाली. रंगाला मात्र चैत्र उजाडला. पारा चव्वेचाळीसला टेकला, की फवाऱ्यातला रंग विमानापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत वाळून भुकटी होतो, म्हणून पहाटे साडेपाचला ओट्यावर बसून एकेक हात दिला.

संचात वैमानिकाची एकच मूर्ती होती. दुसरी भागांच्या चौकटीतल्या उरलेल्या काडीतून कोरली. दोघांनाही शिरस्त्राणे चढली. मागच्याला सरळ बसविले तेव्हा नानांनी ती मूर्ती डोळ्यांजवळ नेली, नळीत धरल्यासारखी स्थिर केली आणि मान हलविली. “आरसा असला तरी माणूस मान वाकडी करतोच. फटीतून बघायला.” मी मूर्तीची मान गरम पाण्याच्या वाफेवर धरून मऊ केली आणि थोडी उजवीकडे वळविली. नानांनी बोट लावून पाहिले. “अजून थोडी,” ते म्हणाले.