ओरानचा पहारेकरी आणि सास्तूर

अल्बेर कामूच्या 'द प्लेग'मध्ये एका हॉटेलात रात्रपाळीचा पहारेकरी आहे. लेखकानं त्याला नावही दिलेलं नाही. अल्जीरियातल्या ओरान शहरात उंदीर मरायला लागतात तेव्हाच तो सांगून टाकतो, की काहीतरी विपरीत घडणार, बहुधा भूकंप. पुढे साथ पसरते आणि हा गडी हळहळतो: भूकंपच झाला असता तर परवडलं असतं! एक दणका बसायचा, मेलेले किती, जगलेले किती मोजायचं, की विषय संपला. हा रोग मात्र ज्यांना झालेला नाही त्यांनाही सुचू देत नाही.

या कादंबरीवर लिहिणारे बहुतेक जण डॉ. रिये, तारू, फादर पानलू अशा वजनदार पात्रांपाशी मुक्काम करतात. मी धाराशिवच्या एका महाविद्यालयात तौलनिक साहित्य शिकवतो. इथं बसून वाचताना मला अडवतो तो हा पहारेकरी. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जन उरकून माणसं जरा आडवी झाली होती, तेव्हा पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. भूकंप ज्या किल्लारीच्या नावानं ओळखला जातो ती लातूर जिल्ह्यात, पण तसंच कोसळलेलं सास्तूर आमच्या जिल्ह्यात. दगडमातीच्या हातभर रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर माणसांच्या अंगावर आलं. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. पहारेकऱ्याच्या हिशेबानं मोजदाद झाली की प्रकरण मिटायला हवं होतं. त्यानं एकदा सास्तूरला येऊन विचारावं. माणसं कितीतरी दिवस छपराखाली निजायला तयार नव्हती. पुनर्वसनात आखीव रस्ते मिळाले, पण जुन्या गल्लीतला शेजार पांगला. पुष्कळांचं वय अजूनही 'भूकंपाच्या आधी' आणि 'भूकंपानंतर' असंच मोजलं जातं.

हे वाचन 2020 मधलं. त्याच वर्षी 10 ते 12 जानेवारीला आमच्या गावात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, आणि नगरीला नाव तेरच्या गोरोबाकाकांचं. लोकांनी पिशव्या भरभरून पुस्तकं नेली. ती उघडायला सवड कुणाला, असं मी तेव्हा म्हणत होतो. मार्चअखेर करोनाची टाळेबंदी लागली आणि सवडच सवड झाली.

'द प्लेग' 1947 ची. स्टुअर्ट गिल्बर्टनं 1948 मध्ये केलेला इंग्रजी अनुवाद आम्ही मोबाइलवरून वाचत होतो. कुणी माळवदावर चढून रेंज पकडायचं, कुणी बांधावर जाऊन. नाझींनी व्यापलेल्या फ्रान्सचं रूपक म्हणून ही कादंबरी शिकवायची रीत आहे, आणि ती चुकीची नाही. पण त्या एप्रिलमध्ये रूपकात कुणाला रस नव्हता. ओरानच्या वेशी बंद होतात तेव्हा आतले लोक बाहेर जायला तडफडतात. आमच्याकडे उलटंच. वेशीवर बाभळीच्या काट्या पडल्या त्या पुण्या-मुंबईहून परतणाऱ्या आपल्याच माणसांना अडवायला. कामूच्या नगरपालिकेतला कारकून ग्राँ रात्री साथीचे आकडे जुळवतो, आणि निवेदक म्हणतो, नायक हवाच असेल तर हा घ्या. रजिस्टर आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरणारी आशाताई ज्यांनी पाहिली, त्यांना ग्राँ वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

वर्गात वाशीकडची एक मुलगी होती. आई-बाप कोयत्यावर गेलेले. कारखान्यावर कोपीतच अडकले. तिकडून टोळी हलू देईनात, आणि इकडे गाव घेईना. राज्यभर असे लाखाहून अधिक ऊसतोड मजूर अडकले होते. एप्रिलच्या मध्यानंतर त्यांना घरी जायची परवानगी मिळाली; हे दोघं आले तेही आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस. त्या काळात ही मुलगी कादंबरी वाचत होती. तिनं विचारलं, "सर, या शहरात धुणीभांडी कोण करतं?"

प्रश्न नेमका होता. अल्जीरिया हा अरब आणि बर्बर लोकांचा देश, पण 'द प्लेग'मध्ये नाव असलेलं एकही अरब पात्र नाही. राँबेर हा पत्रकार पॅरिसहून येतो तोच मुळी अरबांच्या राहणीमानावर लिहायला. रियेला तो तसं सांगतो, आणि ते अरब पुढे जवळपास दिसतच नाहीत. कामूला ठाऊक नव्हतं म्हणावं, तर तशीही सोय नाही. 1939 मध्ये 'अल्जेर रेप्युब्लिकँ' या दैनिकात काबिलियातल्या उपासमारीवर त्यानंच लेखमाला लिहिली होती. मला वाटतं, अडचण रूपकाचीच होती. फ्रेंच माणूस परक्या सत्तेखाली भरडला जातोय, हे सांगताना त्याच फ्रेंचांच्या सत्तेखालचा अरब शेजारी उभा केला असता, तर रूपकाचा सांधा निखळला असता. म्हणून पानलूच्या प्रवचनांवर पानंच्या पानं आहेत आणि धुणीभांडी करणारीचं एकही नाही.

यावर उतारा शेजारच्या राज्यात आहे. आमच्या उमरग्याची हद्द ओलांडली की कर्नाटक. यू. आर. अनंतमूर्तींची 'संस्कार' 1965 ची. नारणप्पा शिमोग्याहून ताप आणि गाठ घेऊन येतो, मरतो. आचार सोडलेल्या या ब्राह्मणाला अग्नी कुणी द्यायचा, यावर अग्रहार अडतो, आणि प्रेत उठेपर्यंत कुणाला जेवताही येत नाही. अग्रहारातले पंडित प्राणेशाचार्य उत्तरासाठी पोथ्या चाळतात. उंदीर मरतात, गिधाडं घरांवर बसतात, तरी अग्रहारातल्या ब्राह्मणांच्या लक्षात येत नाही की हा प्लेग आहे. वाचकाला मात्र कळलेलं असतं. कामूकडे निदान करणारा डॉक्टर आहे, इथं तोही नाही. म्हणून 'संस्कार' मला अधिक निर्दय वाटते, आणि अधिक खरी.

तो पेच सोडवते चंद्री, नारणप्पानं ठेवलेली बाई. मासळीचा व्यापारी अहमद बारी तिच्यासाठी गाडीत लाकडं घालून आणतो आणि रातोरात प्रेत जाळून मोकळा होतो. काम झालेलं असतं, आणि ब्राह्मण निर्णयासाठी गावोगाव फिरतच राहतात. 2020 नंतर हा भाग वर्गात वाचताना खुलासा करावा लागत नाही. कुठल्या स्मशानात पालिकेच्या कोणत्या माणसांनी कुणाच्या घरच्यांना अग्नी दिला, ते मुलांना ठाऊक असतं.

आता मी आधी 'संस्कार' घेतो, मग 'द प्लेग'. वाशीच्या त्या मुलीचा प्रश्न मग कुणी ना कुणी पहिल्याच तासाला विचारतं.