शितं, भुतं आणि विश्रामबाग

‘असतील शितं तर जमतील भुतं’ ही म्हण गिरणीच्या गावासाठीच कुणीतरी रचली असावी, असं वाटत राहतं. भोंगा वाजतो, पगार होतो, पगारामागून खानावळी येतात आणि खानावळींमागून भजनी मंडळ, तालीम, नाटकाची हौस. सांगलीची गजानन मिल किंवा माधवनगरची कॉटन मिल चालू होती तेव्हा हेच चित्र असणार. मग हिशेबाप्रमाणे, गिरणीला कुलूप लागलं की भुतांनी पांगायला हवं.

पण अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये म्हण उलटी फिरली. नॉर्थ अ‍ॅडम्स गावात आधी कापडछपाईचा कारखाना होता, मग त्याच इमारतींत विजेच्या उपकरणांचे सुटे भाग बनू लागले. 1985 मध्ये तेही थांबलं, आणि 1999 मध्ये तिथेच समकालीन कलेचं अवाढव्य संग्रहालय उघडलं. शितं संपली तेव्हा भुतं आली! रिकामी दालनं, उंच खिडक्या, नगण्य भाडं. चित्रकाराला आणखी काय हवं? तेव्हा म्हणीतलं शीत म्हणजे पगार नव्हे, जागा असावी.

विश्रामबागेत हे ताडून पाहायला जावं तर वेगळाच घोळ. सांगली आणि मिरज यांच्या मधल्या या भागात गिरणीच्या आधाराशिवायच भुतं जमलेली. 1919 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीनं विलिंग्डन महाविद्यालय काढलं. पुढे कन्नडचे ज्ञानपीठविजेते ठरलेले वि. कृ. गोकाक इथे प्राचार्य होते, पु. ल. देशपांडे विद्यार्थी. 1947 मध्ये धोंडूमामा साठ्यांनी न्यू इंजिनिअरिंग कॉलेज सुरू केलं, तेच आजचं वालचंद. कॉट बेसिसच्या पाट्या, मेसचे डबे, झेरॉक्सची दुकानं, चहाच्या टपरीवर भडंगाचा पुडा फोडून चाललेल्या एकांकिकेच्या गप्पा. शितं येतात ती घरून, पूर्वी मनीऑर्डरीनं, आता मोबाइलवर. फक्त ही भुतं चार वर्षांच्या बोलीवर आलेली असतात. पदवी हाती पडली की पुणं.

मग सांगलीला नाट्यपंढरी म्हणवणारी जुनी भुतं कुणाच्या शितांवर जगली?

1842 मध्ये कर्नाटकातल्या भागवत मंडळींनी सांगलीत खेळ केले. ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी आपल्या पदरच्या विष्णुदास भाव्यांना तसंच, पण अधिक नेटकं काही मराठीत करायला सांगितलं. 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. त्या नाटकांतली भुतं तर अक्षरशः भुतंच. राक्षसपार्टी आरोळ्या ठोकत, तलवारी परजत रंगणात शिरायची आणि प्रेक्षकांतली पोरं आईच्या पदराआड दडायची. सगळी पदं सूत्रधारानं म्हणायची, पात्रांनी आपापली भाषणं आयत्या वेळी जुळवायची. भाव्यांनी लाकडी बाहुल्याही घडवल्या होत्या. विसाव्या शतकात रामदास पाध्यांनी त्या दुरुस्त करून पुन्हा नाचवल्या. भावे बाहुल्यांतच रमले असते तर मराठी नाटकाचं काय झालं असतं, हा प्रश्न इथे गैरलागू आहे, पण सुटत नाही.

1851 मध्ये आप्पासाहेब वारले आणि राजाश्रय गेला. भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली; 1853 मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. म्हण इथे तंतोतंत खरी ठरते. पण मग राजा गेल्यानंतर, 1855 मध्ये शेजारच्या हरिपुरात जन्मलेले देवल आणि 1872 मध्ये सांगलीत जन्मलेले खाडिलकर नाटकाकडे का वळले? शितं उचलली तरी पंगतीच्या जागी काही उरत असेल का?

पलीकडच्या इचलकरंजीत तर काळाचा क्रमच आडवा येतो. तिथे यंत्रमागाचा खडखडाट 1904 मध्ये सुरू झाला, आणि इचलकरंजीकर नाटक मंडळी त्याआधीच, एकोणिसाव्या शतकात नावारूपाला आली होती. म्हणजे आपल्याकडे नाटक आधी, माग नंतर. अशा गावात गिरणी बंद पडल्यावर कला तिची वारस कशी होणार? ती तर थोरली.

शिवाय आपल्याकडे गिरणी थांबली की जागा स्वस्त होत नाही, महाग होते. लोअर परळच्या फिनिक्स मिलमध्ये मॉल आला, चित्रकारांचे स्टुडिओ आले नाहीत. कोल्हापुरात राजर्षी शाहूंनी 1906 मध्ये पायाभरणी केलेली शाहू मिल 2003 मध्ये बंद झाली. कोल्हापूर चित्रकारांचं गाव, तरीही त्या दगडी इमारतींत इझेल मांडले गेले नाहीत. याला म्हणीचा दोष म्हणावा की जमिनीच्या भावाचा, हे ठरवणं अवघड आहे. विश्रामबागेतल्या मुलांना एक रिकामी गिरणी फुकट दिली, तर ती तिथे नाटक बसवतील की स्पर्धापरीक्षेची अभ्यासिका थाटतील, हेही खात्रीनं सांगता येत नाही.

विष्णुदास भावे गौरवपदक आजही दर 5 नोव्हेंबरला सांगलीतच दिलं जातं. ते घ्यायला येणारे बहुतेक कलावंत मुंबई-पुण्याहून येतात.